काळी मोजली, पांढरी राहिली : ड्रोन गावठाण कसं मोजतो

ड्रोन येणार होता त्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात चुन्याच्या फक्कीची पोती येऊन पडली. ज्यानं त्यानं आपापल्या जागेपाशी हजर राहावं, अशी दवंडी कोतवालानं दिली होती. सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई, भूमी अभिलेख खात्याची माणसं आणि गावातली चार जाणती मंडळी बोळाबोळातून फिरली. दुपारपर्यंत कबड्डीचं मैदान आखावं तसं अख्खं गाव पांढऱ्या रेघांनी आखून निघालं. आमचे आण्णा पायरीवर बसून हे बघत होते. म्हणाले, "विमान येणार म्हणून सांगितलं न् आणली फक्की!"

ड्रोन मोजणीचं निम्मं मर्म आण्णांच्या त्या वाक्यात होतं, हे मला बरंच नंतर कळलं. ड्रोननं पाच सेंटिमीटरपर्यंत अचूक नकाशा होतो, असं आपण वाचतो. ते खरं आहे. पण त्यातली थोडी अचूकता उपग्रहांकडून येते, थोडी गणितातून आणि बरीचशी जमिनीवर राबणाऱ्या माणसांकडून. शिवाय ती नक्की कशाची अचूकता, हा प्रश्न उरतोच. दोन्ही गोष्टी जरा सावकाश बघू.

गावठाण मोजायचं राहिलंच का?

जुन्या कागदांत गावाच्या जमिनीचे दोन भाग सापडतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. राज्यकर्त्यांना मोजायची ओढ नेहमी काळीची, कारण सारा तिच्यावर. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी पाच हात पाच मुठींची काठी ठरवून जमिनी मोजवल्या. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पुढे इंग्रजी अमलात १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीची घडी बसली. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा : १०८९ चौरस फूट. आज प्लॉटच्या जाहिरातीत असतो तो गुंठा हाच.

त्या मोजणीत शेताला सर्व्हे नंबर मिळाला, टिपण, म्हणजे मोजमापांचा कच्चा आराखडा, मिळालं, हद्दीवर दगड बसले. गावठाणाची मात्र बाहेरची कड तेवढी आखली गेली. आत कुणाचं घर कुठं संपतं आणि बोळ कुठं सुरू होतो, ते मोजायची सरकारला गरजच वाटली नाही. शहरांत आणि मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झालं, मालमत्ता पत्रकं आली. लहान गावांत मात्र घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो करआकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असतं, कर असतो. मोजून काढलेला नकाशा नसतो. एरवी हे कुणाला खुपत नाही. बँकेत कर्जाला गेलं किंवा दोन भाऊ वाटणीला बसले की खुपतं.

देशपातळीवर योजना येण्याआधीच महाराष्ट्रानं हे काम हाती घेतलं होतं. पहिला प्रयोग झाला पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याला. जमाबंदी आयुक्त कार्यालय, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग असे तिघे त्यात होते. यातला सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झालेला. हिंदुस्थानाचा कणा मोजायला ज्यानं अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र डोंगरांवर चढवलं, तोच विभाग आता दोन-चार किलोचं यंत्र घेऊन गावात आला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या ७६३ गावांना मालमत्ता पत्रकं देण्याचा कार्यक्रम झाला, त्यात महाराष्ट्रातली १०० गावं होती.

वरून फोटो काढला म्हणजे नकाशा झाला का?

नाही. लग्नात ड्रोन उडवून काढलेला फोटो आणि मोजणीचा नकाशा यांत बरंच अंतर आहे.

आधी एका ठिपक्याचा हिशेब बघू. मोजणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या कॅमेऱ्यात फोटो टिपणारी पट्टी १३.२ मिलिमीटर रुंद असते आणि तीवर एका ओळीत ५४७२ ठिपके, म्हणजे पिक्सेल, बसलेले असतात. एक ठिपका २.४ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. भिंग आणि पट्टी यांत अंतर ८.८ मिलिमीटर. ड्रोन १०० मीटर उंचीवर असेल तर उंची या अंतराच्या साधारण ११,३६० पट झाली. ठिपक्याला तेवढ्या पटीनं गुणलं की उत्तर येतं २.७ सेंटिमीटर. म्हणजे जमिनीवरचा पावणेतीन सेंटिमीटरचा चौकोन फोटोत एक ठिपका होऊन बसतो. मोजणीवाले याला जीएसडी म्हणतात. त्याहून बारीक वस्तू त्या फोटोत नीट दिसत नाही, मग तुम्ही पडद्यावर कितीही मोठी करून बघा.

ड्रोन ५० मीटरवर आणला तर ठिपका १.४ सेंटिमीटरचा होतो. मग खालूनच का उडवू नये? कारण एका फोटोत मावणारं क्षेत्र चौथाई होतं, तेवढ्याच जागेला चौपट फोटो लागतात, आणि अशा लहान ड्रोनची बॅटरी वीस-तीस मिनिटांत उतरते. पायलटनं दिवसभर बॅटऱ्या बदलत बसायचं का, हा खर्चाचाही प्रश्न आहे.

आता फोटो किती काढायचे? १०० मीटरवरून या कॅमेऱ्याच्या एका फोटोत सुमारे १५० बाय १०० मीटर जमीन येते. दहा हेक्टरचं गावठाण सात-आठ फोटोंत मावायला हवं. प्रत्यक्षात काढतात दीड-दोनशे. नांगराचं तास मारावं तसा ड्रोन गावावरून ये-जा करतो, दर वीस मीटरवर एक फोटो घेतो, आणि शेजारशेजारच्या दोन ओळींमध्ये अंतर ठेवतो ४५ मीटर. त्यामुळे पुढचा फोटो मागच्याला ८० टक्के झाकतो आणि शेजारच्या ओळीतला फोटो ७० टक्के. गावातली प्रत्येक पायरी, प्रत्येक खांब पंधरा-सोळा फोटोंत वेगवेगळ्या बाजूंनी येतो.

एवढा अट्टहास खोलीसाठी असतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, हात चुकतो. दोन डोळे दोन जागांवरून बघतात म्हणून सुई किती लांब आहे हे मेंदूला कळतं. ड्रोनला डोळा एकच, पण तो जागा बदलत राहतो. संगणक मग पहिल्या फोटोतल्या एका कौलाचा कोपरा दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या फोटोत शोधतो. असे लाखो कोपरे जुळले की प्रत्येक फोटोतून त्या कोपऱ्याकडे एक रेषा निघते, आणि या सगळ्या रेषा कमीत कमी चुकीनं एकमेकींना कुठं छेदतात ते गणितानं काढलं जातं. त्यातून प्रत्येक बिंदूची जागा आणि उंची मिळते, शिवाय प्रत्येक फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठं होता आणि किती कलला होता तेही. हाती येतो कोट्यवधी बिंदूंचा ढग, ज्यात तुमचं घर, त्यावरची पाण्याची टाकी आणि दारातली बैलगाडीसुद्धा असते.

जिथं कोपरे सापडत नाहीत तिथं हे सगळं बिनसतं. तळ्याचं पाणी, उन्हात चकाकणारा नवा पत्रा, एकसारखी गुळगुळीत गच्ची. सगळ्यात खट्याळ म्हणजे वाऱ्यावर डोलणारा ऊस : एका फोटोतलं पान दुसऱ्या फोटोत त्या जागी नसतंच, आणि संगणक भलत्याच पानाशी सोयरीक जुळवतो.

झुकलेली घरं

फोटो थेट नकाशा का होत नाही, याचं उत्तर उंच वस्तूंत आहे. फोटोच्या मध्यावरचं घर वरून सरळ दिसतं. कडेचं घर बाहेरच्या बाजूला झुकलेलं दिसतं. सहा मीटर उंचीचं दुमजली घर कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ५० मीटर दूर असेल आणि ड्रोन १०० मीटरवर असेल, तर त्याच्या गच्चीची कड फोटोत तीन मीटरांहून जास्त बाहेर सरकलेली दिसेल. त्या फोटोवर पट्टी ठेवून मोजलं तर शेजाऱ्याचं अंगण तुमच्या घरात जमा! म्हणून बिंदूंच्या ढगातून उंची घ्यायची, तिच्या आधारे फोटोचा प्रत्येक ठिपका त्याच्या खऱ्या जागी सरकवायचा, आणि मग सगळे तुकडे जोडायचे. जणू प्रत्येक जागा तिच्या बरोबर डोक्यावरून बघितली, असं जे एकसंध चित्र तयार होतं त्याला ऑर्थोफोटो म्हणतात. मोजायचं ते यावर.

एवढं करूनही एक गोष्ट ड्रोनच्या हाती लागत नाही, आणि गावात नेमकं तिच्यावरूनच भांडण असतं. ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. आपल्याकडची वळचण भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट येते. पागोळ्यांचं पाणी कुणाच्या जागेत पडतं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घरं मला माहीत आहेत. ऑर्थोफोटोत छपराची कड अगदी नेमकी, पाच सेंटिमीटरच्या आत. पण हद्द भिंतीपाशी आहे की पागोळीपाशी, हे तो कसं सांगणार?

म्हणून फक्की. दोन्ही शेजारी उभे करून, दोघांच्या संमतीनं जमिनीवर रेघ मारायची, म्हणजे वरून ती स्वच्छ दिसते. जिथं छपराखालून रेघ जाते तिथं माणूस टेप किंवा टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, घेऊन बोळात शिरतो. कोकणात तर आंबा, फणस आणि माडांच्या गर्दीत घराचं कौलसुद्धा वरून दिसायची मारामार. तिथं लेझरचे झोत सोडणारं लायडार नावाचं यंत्र उपयोगी पडतं, कारण पानांच्या फटींतून काही झोत जमिनीपर्यंत पोचून परत येतात. पण ते महाग, वजनदार, आणि त्याला फक्कीची रेघ फोटोसारखी स्पष्ट दिसत नाही. जिथं पानझडीची झाडं आहेत तिथं ती झडलेली असताना, फाल्गुन-चैत्रात, मोजणी करणं हा त्याहून स्वस्त उपाय; आंबा, फणस, माड मात्र बारमाही हिरवे.

पाच मीटरचे पाच सेंटिमीटर

आपल्या मोबाइलचा जीपीएस रस्त्यावर चालताना आपल्याला कधी शेजारच्या इमारतीत नेऊन ठेवतो. तीन ते पाच मीटरची चूक त्याला सहज होते. ड्रोनमधला साधा जीपीएसही तसाच. मग सेंटिमीटर कुठून येतात?

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगतात. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं. संदेश येतो प्रकाशाच्या वेगानं, त्यामुळे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. वातावरणाच्या वरच्या थरांत संदेश थोडा रेंगाळतो, उपग्रहाचं घड्याळ किंचित चुकतं, त्याची कक्षा सांगितल्यापेक्षा थोडी इकडेतिकडे असते. या सगळ्यांची बेरीज मीटरांत जाते.

तोड साधी आहे. घरातलं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे हे एकदा कळलं की ते दुरुस्त न करताही बरोबर वेळ सांगता येते. तसंच, जिची जागा आधीच काटेकोर माहीत आहे अशा ठिकाणी एक यंत्र पक्कं बसवायचं. उपग्रह त्याला सांगतात, तू इथं आहेस. ते म्हणतं, खोटं, मी तिथं आहे. हा जो फरक, तोच फरक त्या क्षणी आसपास उडणाऱ्या ड्रोनलाही लागू पडतो, कारण दोघांवरचं आकाश जवळपास एकच. तो ड्रोनला तिथल्या तिथं कळवला तर त्याला आरटीके म्हणतात, दोन्हीकडच्या नोंदी ठेवून संध्याकाळी ऑफिसात हिशेब केला तर पीपीके. महाराष्ट्रात अशी चोवीस तास चालणारी पक्की ठाणी उभी आहेत, मोजणीवाले त्यांना 'कॉर्स' म्हणतात. आजकाल शेतात भूकरमापक काठीवर जो पांढरा टोपासारखा रोव्हर घेऊन येतो, तोही इंटरनेटवरून याच ठाण्यांशी बोलत असतो.

पण नुसत्या या दुरुस्तीनं चूक साधारण अर्ध्या-एक मीटरवर येते. शेवटची उडी वेगळी आहे. संदेश ज्या लहरीवर बसून येतो तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. लहरीचा कुठला भाग आत्ता पोचला हे यंत्र मिलिमीटरमध्ये सांगू शकतं. त्याला कळत नसतं ते एवढंच की मध्ये पूर्ण लहरी किती गेल्या. टेपवरचे मिलिमीटर दिसतात, मीटरचा आकडा पुसलेला आहे, असं समजा. अनेक उपग्रहांच्या नोंदी ताडून हा पूर्ण आकडा एकदा पक्का झाला की यंत्रावर 'फिक्स' असं येतं आणि चूक एक-दोन सेंटिमीटरवर उतरते. पक्का झाला नाही तर 'फ्लोट'. झाडाखाली, उंच भिंतीच्या कडेला, पत्र्याच्या शेडशेजारी, जिथं संदेश आपटून येतो, तिथं फिक्स सुटतो. तुमच्या शेतात रोव्हरनं मोजणी होत असेल तर एवढं एकच विचारून ठेवा : "साहेब, फिक्स आहे ना?" समोरचा माणूस जरा सावध होतो, असा माझा अनुभव आहे.

ड्रोनच्या बाबतीत आणखी एक गंमत. तो सेकंदाला आठ मीटर वेगानं उडत असतो. कॅमेऱ्याचा खटका आणि जीपीएसची नोंद यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी फोटोची जागा आठ सेंटिमीटरनं चुकते. मोजणीच्या ड्रोनची किंमत लग्नाच्या ड्रोनपेक्षा इतकी जास्त का, याचं एक कारण हे.

पेपर फुटू नये म्हणून

हे सगळं असूनही जमिनीवर खुणा लागतातच. गावाच्या कडेनं आणि मध्ये, मोकळ्या सपाट जागी, काळ्यापांढऱ्या फुल्या रंगवायच्या आणि प्रत्येक फुलीची जागा रोव्हरनं आधी पक्की मोजायची. या खुणांना जीसीपी म्हणतात. फोटोंचा ढग तयार होताना त्याला या खिळ्यांवर ठोकून बसवतात. खुणा नसतील तर लाखो कोपरे आपसांत अगदी छान जुळूनही सगळं गाव मध्ये फुगलेलं किंवा ताटलीसारखं खोलगट होऊन बसतं. भिंगाचा बारीकसा दोष सगळीकडे एकाच दिशेनं साचत जातो आणि चित्र बघून तो ओळखूच येत नाही. म्हणून खुणा फक्त ग्रामपंचायतीसमोर, चहाच्या टपरीजवळ एका जागी करून चालत नाहीत. कडेला जावंच लागतं, कितीही ऊन असो.

मग आणखी काही खुणा अशाच मोजून ठेवायच्या, पण त्या संगणकाला द्यायच्या नाहीत. नकाशा तयार झाल्यावर या राखून ठेवलेल्या खुणा त्यावर कुठं पडल्या ते बघायचं आणि रोव्हरच्या आकड्याशी ताडायचं. यांचं नाव चेक पॉइंट. नकाशाची खरी अचूकता ती हीच. ज्या खुणांवर नकाशा ठोकून बसवला त्यांच्यावरच तपासून "चूक फक्त एक सेंटिमीटर" असा अहवाल देणं म्हणजे पोरांना आधी पेपर दाखवून मग वर्ग हुशार आहे असं म्हणणं. खासगी लेआउटच्या कामांत असे अहवाल मी पाहिलेत. चेक पॉइंटचा तक्ता मागितला की पलीकडून फोन लवकर ठेवला जातो.

चांगल्या कामात आडव्या दिशेची चूक जीएसडीच्या एक-दोन पट आणि उंचीची दोन-तीन पट, एवढी धरून चालतात. आमच्या उदाहरणात ती तीन ते पाच सेंटिमीटर आणि पाच ते आठ सेंटिमीटर. गावठाणाचे नकाशे १:५०० या प्रमाणात काढतात. तिथं पाच सेंटिमीटर म्हणजे कागदावर मिलिमीटरचा दहावा भाग. १:८००० प्रमाणाच्या गाव नकाशावर पेन्सिलची नुसती रेघच जमिनीवर दीड मीटर रुंद होते, हे शेजारी ठेवून बघा.

उंचीचा घोळ वेगळा. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून. आपण मोजतो समुद्रसपाटीपासून. हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा एक मोठा खळगा आहे, त्यामुळे आपल्या भागातली समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या बरीच खाली बसते. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरांचा. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत उभं राहून कच्ची उंची बघितली तर यंत्र उणे साठ-सत्तर मीटर दाखवतं, आणि नवखा माणूस यंत्र बिघडलं म्हणून हलवत बसतो.

घराच्या हद्दीला उंचीनं फारसा फरक पडत नाही. दगडखाणीत फार पडतो. एक हेक्टरच्या खाणीत उंची सगळीकडे पाच सेंटिमीटरनं चुकली तर ५०० घनमीटर, म्हणजे सुमारे १७७ ब्रास इकडचे तिकडे. चार ब्रासचा डंपर धरला तर चव्वेचाळीस खेपा.

ड्रोन गेल्यावर

परवानगीचं थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात नवे ड्रोन नियम लागू आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाजवळ मात्र नियम कडक. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर परवानाधारक पायलट हवा आणि ड्रोनची नोंदणी हवी. गावावर ड्रोन दिसला तर पायलटला कागद विचारण्यात काही गैर नाही.

आमच्या गावावरचं उड्डाण चहा होईपर्यंत संपलं. पोरं निराश झाली. खरं काम पुढे महिनोन्‌महिने चालतं. ऑर्थोफोटोवरून घरांच्या कडा आणि फक्कीच्या रेघा संगणकावर काढतात, कच्चा नकाशा गावात येतो, भूमी अभिलेखची माणसं तो घेऊन दारोदार फिरतात आणि रेघ चुकली असेल तिथं सुधारतात. मग हक्काची चौकशी : ही जागा कुणाची, कागद काय, वारस कोण. हरकतींना मुदत मिळते. त्यानंतर मालमत्ता पत्रक आणि सनद.

या चौकशीत ड्रोनला काहीच बोलता येत नाही. त्यानं दाखवली ती त्या दिवसाची वहिवाट. एखाद्यानं मागच्या दिवाळीत ओटा बोळात फूटभर पुढे घेतला असेल तर ऑर्थोफोटोत तो ओटा अगदी अचूक पुढे घेतलेला दिसेल. आणि एकदा तो पत्रकावर चढला की काढायला वकील लागतो. म्हणून कच्चा नकाशा येईल त्या दिवशी घरी थांबा, मुंबई-पुण्याला असाल तर सुट्टी काढून या. गावात असं फारसं होत नाही; भिंतीवर लावलेली नोटीस पावसात भिजून जाते आणि मग दोन वर्षांनी लोक विचारतात, हे कधी झालं?

शेताच्या बांधाचंही तेच. ड्रोननं बांध मोजून द्या, असं अनेक जण विचारतात. ड्रोन बांध दाखवेल, पण दरवर्षी नांगरानं वीतभर कोरत नेलेला बांध कोरलेल्या जागीच दाखवेल. हद्द कुठं होती हे जुन्या टिपणात आणि फाळणीत, म्हणजे पोटहिश्शांच्या मोजणीच्या कागदात, आहे, आणि कायद्यात ती मोजणी चालते. ती साखळीनं झालेली, कागद आकसलेला, उतारावर साखळीला झोल पडलेला. तरी हक्काचा आधार तोच. जुना नकाशा ऑर्थोफोटोवर ठेवला की काही ठिकाणी तो मीटर-दोन मीटर सरकलेला दिसतो. अशा वेळी नवा फोटो चकचकीत आहे म्हणून तोच खरा, असं म्हणता येत नाही. भूकरमापक जुने दगड शोधतो, विहीर, तीन हद्दी मिळतात तिथला तिवाट्याचा दगड अशा न हललेल्या खुणा धरतो आणि तिथून मोजत येतो. दोन पिढ्यांच्या अचूकतेची सांगड घालणं हे आजही माणसाचंच काम आहे.

आण्णांच्या घराचं पत्रक यंदा आलं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि ट्रंकेतून आजोबांच्या वेळचं खरेदीखत काढलं. त्यात लिहिलं होतं : पाच खणी घर, पुढं अंगण, मागं परडं, पूर्वेस बोळ, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आण्णा पत्रक उलटंसुलटं करून बघत म्हणाले, "ह्यात खण कुठं लिहिलेत?" मी सांगितलं की वरून छप्पर दिसतं, तुळया दिसत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही कागद एकाच पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले.